कोयनेलचा निळा उजेड : आम्लात रंगरेणू कसे प्रकाशतात?

हिवतापावरचे जुने औषध म्हणून महाराष्ट्रातल्या घरोघरी ठाऊक असलेले कोयनेल, म्हणजेच क्विनाईन, त्याच्या कडूपणासाठी प्रसिद्ध आहे. रसायनशास्त्रात मात्र त्याची आणखी एक ओळख आहे. सौम्य आम्लात विरघळवलेले क्विनाईन पाण्यासारखे स्वच्छ आणि रंगहीन दिसते. पण तेच द्रावण उन्हात धरले, की प्रकाश ज्या बाजूने आत शिरतो त्या बाजूच्या कडेला आकाशासारखी निळी झाक उमटते. अतिनील दिव्याखाली तर सगळे द्रावण निळ्या उजेडाने भरून जाते. आम्ल नसेल तर हा निळा रंग नीटसा उमटत नाही आणि चिमूटभर मीठ पडले तर तो मावळू लागतो. एका साध्या औषधाच्या या लहरी वागणुकीचा शोध घेता घेता प्रकाश आणि रेणू यांच्या संबंधाचे एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. आज पेशींच्या अंतरंगातला आंबटपणा मोजण्यापासून जमिनीखालून वाहणाऱ्या नद्यांचा माग काढण्यापर्यंत त्या शास्त्राचा उपयोग होतो.

सिंकोना वृक्षाच्या सालीतून क्विनाईन वेगळे काढले ते पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी, १८२० साली. पुढे ब्रिटिश अमदानीत नीलगिरीत आणि दार्जिलिंगजवळच्या मंगपू येथे सिंकोनाच्या सरकारी बागा उभ्या राहिल्या, त्या हिवतापामुळे. पण त्यापूर्वीच, १८४५ मध्ये, सर जॉन हर्शेल या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने या औषधाकडे वेगळ्याच नजरेने पाहिले होते. क्विनाईन सल्फेट पाण्यात फारच थोडे विरघळते. हर्शेलने ते समभाग टार्टारिक आम्लाबरोबर थोड्याशा पाण्यात खलले. ते लगेच विरघळले. हे टार्टारिक आम्ल म्हणजे चिंचेला आंबटपणा देणारेच आम्ल. हे द्रावण भरपूर पाणी घालून पातळ केल्यावर त्याच्या पृष्ठभागालगत एक पातळसा निळा थर त्याला दिसला. गंमत अशी, की एकदा या द्रावणातून गेलेला प्रकाश दुसऱ्या भांड्यातल्या तशाच द्रावणावर टाकला, तर तिथे निळा थर उमटेना. प्रकाशातले काहीतरी पहिल्याच भांड्यात खर्ची पडत होते. काय, ते हर्शेलला उमगले नाही. हा पृष्ठभागाचाच काही गुणधर्म असावा असे त्याने मानले.

कोडे सोडवले ते केंब्रिजचे गणिताचे प्राध्यापक जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी. त्यांचा १८५२ सालचा प्रयोग साधेपणाचा उत्तम नमुना म्हणावा असा आहे. लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडायचा आणि त्या पट्ट्यातून क्विनाईनच्या द्रावणाची नळी हळूहळू सरकवत न्यायची, इतकेच. तांबड्यापासून जांभळ्याच्या जवळपास येईपर्यंत काहीच घडले नाही. नळी जांभळ्या टोकाशी पोहोचली आणि निळा उजेड दिसू लागला. ती त्याही पलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा काळोख्या भागात नेली, तरी उजेड कायम! अदृश्य अतिनील किरण द्रावणात शिरत होते आणि दृश्य निळा प्रकाश होऊन बाहेर पडत होते. ते किरण पहिल्या पातळ थरातच शोषले जात असल्यामुळे हर्शेलला उजेड केवळ पृष्ठभागी दिसला होता. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशापेक्षा जास्त असते, हा नियम स्टोक्स यांच्याच नावाने ओळखला जातो. फ्लुओरस्पार या खनिजावरून त्यांनी या आविष्काराला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. मराठीत त्याला प्रतिदीप्ती किंवा अनुस्फुरण म्हणतात.

रेणूच्या पातळीवर जे घडते ते असे. प्रकाशाचा एक कण रेणूवर आदळून शोषला गेला, की रेणूतला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. या उत्तेजित रेणूची काही ऊर्जा लगेचच कंपनांच्या रूपाने भोवतालच्या द्रावकात जिरते. उरलेली ऊर्जा घेऊन तो क्षणभर थांबतो आणि मग ती प्रकाशाच्या रूपाने टाकून देऊन मूळ स्थितीला येतो. मधल्या मध्ये ऊर्जा घटल्यामुळे बाहेर पडणारा प्रकाश कमी ऊर्जेचा, म्हणजेच अधिक तरंगलांबीचा असतो. आम्लातले क्विनाईन सुमारे ३५० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश घेते आणि सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देते. मधला 'क्षण' साधारण २० नॅनोसेकंदांचा. सेकंदाचे १०० कोटी भाग केले तर त्यातले २०. माणसाच्या हिशेबाने हा काळ नगण्य असला, तरी रेणूच्या हिशेबाने तो ऐसपैस आहे. त्या अवधीत रेणू गिरक्या घेतो, शेजाऱ्यांना धडकतो, कधी एखादा प्रोटॉन घेतो वा देतो. आम्लाचा सारा प्रभाव या ऐसपैस क्षणात आणि त्याच्या आधी काय घडते यावर अवलंबून आहे.

(भारतीय विज्ञानाच्या इतिहासातही प्रतिदीप्तीने एकदा दिशाभूल केली होती. कोलकात्यात रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना १९२३ मध्ये द्रवांनी विखुरलेल्या प्रकाशात वेगळ्या रंगाचा अतिशय मंद प्रकाश आढळला, तेव्हा तो क्षीण प्रतिदीप्तीचा असावा असे समजले गेले. परंतु द्रव कितीही शुद्ध केले तरी तो जाईना, शिवाय तो मोठ्या प्रमाणात ध्रुवित होता. पातळ द्रवातल्या प्रतिदीप्तीचे ध्रुवण रेणूंच्या गिरक्यांमुळे सहसा पुसले जाते. ही प्रतिदीप्ती नव्हे, वेगळेच काही आहे, हे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी निश्चित झाले. तोच रामन परिणाम.)

आता आम्लाकडे वळू. आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा पदार्थ. द्रावणाचा सामू जितका कमी, तितकी प्रोटॉनची रेलचेल अधिक. क्विनाईनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असे आहेत, की त्यांना प्रोटॉन चिकटू शकतो. त्यांतला एक प्रोटॉनचा भुकेला आहे. सामू साधारण साडेआठच्या खाली उतरला, की बहुतेक रेणूंमध्ये तो आपला प्रोटॉन मिळवून बसतो. दुसरा नायट्रोजन क्विनोलीन नावाच्या जोडवलयात आहे आणि प्रकाश शोषणारा, प्रकाश देणारा भाग नेमका हाच आहे. हा नायट्रोजन मात्र सामू सुमारे ४.३ च्या खाली गेल्यावरच मोठ्या प्रमाणात प्रोटॉन स्वीकारतो. साध्या पाण्यात क्विनाईनवर एकच धनप्रभार असतो आणि त्याची प्रतिदीप्ती मुख्यतः ३८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवेल अशा टोकाला असते. दुसरा प्रोटॉन बसला, की प्रकाश देणाऱ्या वलयातली इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते आणि उजेड ४५० नॅनोमीटरच्या भर निळ्यात सरकतो. हर्शेलने क्विनाईन विरघळावे म्हणून आम्ल घातले. उजेडही त्या आम्लामुळेच दिसला, हा योगायोग त्याच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. प्रोटॉनची कल्पनाच तेव्हा जन्माला आली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिवतापाची औषधे रक्तात किती आहेत हे मोजण्याची निकड निर्माण झाली आणि प्रतिदीप्ती मोजणाऱ्या उपकरणांच्या विकासाला त्यातून चालना मिळाली. उपकरणे आली तसा मापदंडाचा प्रश्न आला. शोषलेल्या प्रत्येक १०० प्रकाशकणांमागे रेणू किती कण परत देतो, हे प्रतिदीप्तीचे सर्वांत महत्त्वाचे माप. ते थेट मोजणे किचकट असते. म्हणून ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे अशा पदार्थाशी तुलना केली जाते. असा पदार्थ म्हणून निवड झाली ती क्विनाईन सल्फेटची. १९६१ मध्ये मेलहुइश यांनी सौम्य सल्फ्युरिक आम्लातल्या अतिशय विरळ क्विनाईनसाठी दिलेला ०.५४६ हा आकडा, म्हणजे १०० मागे सुमारे ५५ कण, पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनेही प्रमाणित नमुना म्हणून क्विनाईन सल्फेटच निवडले. त्याचे द्रावण मात्र सौम्य परक्लोरिक आम्लात करायचे असते.

इथे एक साधा प्रश्न पडावा. आम्लच हवे, तर प्रत्येक प्रयोगशाळेत हाताशी असणारे हायड्रोक्लोरिक आम्ल का नको? उत्तर मिठाशी जोडलेले आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात क्विनाईनचा उजेड विझतो, ही गोष्ट स्टोक्स यांनीच १८६९ मध्ये नोंदवली होती. प्रोटॉन तर तेवढेच मिळतात, पण त्यांच्याबरोबर क्लोराईडचे आयन येतात. उत्तेजित रेणू आपल्या २० नॅनोसेकंदांच्या अवधीत एखाद्या क्लोराईड आयनाला धडकला, की त्याची ऊर्जा प्रकाश न होता उष्णतेत विरून जाते. याला शमन म्हणतात. धडकांची शक्यता क्लोराईडच्या प्रमाणात वाढते आणि उजेड त्या हिशेबाने घटतो. या हिशेबाचे साधे सूत्र ऑटो स्टर्न आणि माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडले. ब्रोमाईड आणि आयोडाईड आयन तर क्लोराईडपेक्षाही अधिक जोमाने उजेड विझवतात. सल्फेट आयन विझवत नाहीत. म्हणून सल्फ्युरिक आम्ल चालते, हायड्रोक्लोरिक नाही. आम्लधर्म दोघांचाही तोच, उजेडाच्या दृष्टीने फरक पडतो तो सोबत येणाऱ्या ऋण आयनाचा. आम्लाचा परिणाम अभ्यासताना हा सोबती विसरला, तर निष्कर्ष हमखास चुकतो आणि नवख्या संशोधकांच्या हातून तो चुकतोही.

हा सारा खेळ घरी पाहता येण्याजोगा आहे. शहरांतल्या मोठ्या दुकानांत मिळणाऱ्या टॉनिक वॉटरला कडसर चव येते ती अल्प प्रमाणातल्या क्विनाईनमुळे. आंबटपणासाठी त्यात सायट्रिक आम्ल असते. म्हणजे द्रावण आयतेच तयार. अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्यासमोर पेला धरला, की पेय निळे उजळते. त्यात चिमूटभर मीठ ढवळले, की उजेड डोळ्यांदेखत मंदावतो. दिव्याकडे थेट पाहू नये, एवढी काळजी पुरे.

शमनाचा हा 'दोष' वैद्यकीय संशोधनात गुण ठरला. क्विनाईनमध्ये असलेल्याच मेथॉक्सिक्विनोलीन वलयापासून एसपीक्यू नावाचा एक रंगरेणू तयार केला गेला. त्यातल्या नायट्रोजनवर प्रोटॉनऐवजी एक रासायनिक शेपटी कायमची जोडलेली असते. त्यामुळे आम्ल नसतानाही तो उजळतो आणि क्लोराईड भेटले की मंदावतो. पेशीत सोडल्यावर तिच्यातल्या क्लोराईडचा चढउतार उजेडाच्या चढउतारावरून वाचता येतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात पेशीपटलातून क्लोराईडची ये-जा बिघडते. या विकाराचे जनुक १९८९ मध्ये सापडल्यानंतर, निरोगी जनुक पेशीत घातल्यावर क्लोराईडचा मार्ग पुन्हा सुरू होतो का, हे १९९० मध्ये तपासले गेले तेव्हा एसपीक्यूचाच आधार घेण्यात आला होता. तो सुरू होतो, असे उत्तर मिळाले.

सगळेच रंगरेणू आम्लात उजळतात असे मात्र नाही. फ्लुओरेसिनचे वागणे बरोबर उलटे आहे. आडोल्फ फोन बायर या जर्मन रसायनज्ञाने १८७१ मध्ये तयार केलेला हा रंग अल्कधर्मी पाण्यात विलक्षण तेजाने हिरवा चमकतो; शोषलेल्या १०० प्रकाशकणांपैकी ९० हून अधिक तो परत करतो. त्या अवस्थेत रेणूवर दोन ऋणप्रभार असतात. सामू साडेसहाच्या आसपास आला, की पहिला प्रोटॉन चिकटून एक ऋणप्रभार उरतो आणि तेज निम्म्याहून खाली येते. साधारण ४.३ ला दुसरा प्रोटॉन येऊन रेणू प्रभारहीन होतो आणि सुमारे २ ला तिसरा येऊन त्यावर धनप्रभार चढतो. प्रभारहीन रेणूंपैकी काहींच्या रचनेत एक वलय मिटते आणि ते रंगहीनच होतात. एकाच बाटलीत, केवळ आम्लाचे थेंब वाढवत नेले, तर एकाच रेणूची ही चार रूपे क्रमाने पाहता येतात.

फ्लुओरेसिनची कीर्ती ज्या प्रयोगाने झाली तो १८७७ चा. दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी चुनखडकाच्या भेगांत गडप होते. ते दक्षिणेकडच्या आख झऱ्यातून वर येते की काय, यावरून पाणी वापरणाऱ्यांमध्ये तंटा होता. भूवैज्ञानिक आडोल्फ क्नोप यांनी भेगांत सुमारे १० किलो फ्लुओरेसिन सोडले. सुमारे ६० तासांनी आखचा झरा झगझगीत हिरवा झाला. डॅन्यूबचे पाणी खोरे ओलांडून ऱ्हाईनकडे जात होते, हे निर्विवाद सिद्ध झाले. चुनखडकातले पाणी आम्लधर्मी नसते, ही गोष्ट या यशाला पूरक ठरली. हाच रंग खाणींतून पाझरणाऱ्या आम्ल पाण्यात सोडला असता तर तो पोहोचूनही दिसला नसता आणि पाण्याचा मार्ग नाही, असा चुकीचा निवाडा होऊ शकला असता. म्हणूनच आज भूजलाचा माग काढताना गोळा केलेल्या नमुन्याचा सामू आधी अल्कधर्मी बाजूला नेतात आणि मगच प्रतिदीप्ती मोजतात. नेत्रतज्ज्ञ बुबुळावरचा ओरखडा पाहण्यासाठी फ्लुओरेसिनची नारिंगी पट्टी लावतात, तेव्हा अशी तजवीज करावी लागत नाही. अश्रूंचा सामू रंगाच्या सोयीचाच असतो.

या विषयातला सर्वांत विस्मयकारक भाग पुढेच आहे. रेणू उत्तेजित असताना त्याची आम्लता तीच राहत नाही. जर्मनीत थिओडोर फोर्स्टर यांनी १९५० च्या सुमारास आणि त्यानंतर आल्बर्ट वेलर यांनी याचा पाया घातला. रंगांच्या कारखान्यांत बीटा नॅप्थॉल नावाने ओळखला जाणारा पदार्थ एरवी अगदी दुबळे आम्ल आहे. सामू साडेनऊच्या आसपास जाईपर्यंत तो आपला प्रोटॉन सहजी सोडत नाही. पण प्रकाश शोषल्यावर हाच आकडा सुमारे २.८ वर येतो. म्हणजे काही नॅनोसेकंदांपुरता हा रेणू जवळजवळ ५० लाख पट प्रबळ आम्ल बनतो! परिणामी साध्या पाण्यात प्रकाश शोषतो तो प्रोटॉनसह असलेला रेणू, पण प्रकाश देणाऱ्यांत प्रोटॉन टाकून बसलेले रेणूही असतात आणि वर्णपटात दोन वेगळे उंचवटे दिसतात. द्रावण पुरेसे आम्ल केले, की प्रोटॉन सुटण्याची वाट बंद होते आणि एकच उंचवटा उरतो.

पिवळ्या हायलायटर पेनांत वापरला जाणारा पायरानीन हा रंग याच जातीचा. त्याचा प्रोटॉन एरवी सामू सातच्या थोडा वर सुटतो. उत्तेजित अवस्थेत मात्र एकच्या आसपासही. त्यामुळे पायरानीनचे द्रावण चांगले आंबट असले तरी उजेड हिरवाच राहतो. तो निळ्याकडे झुकतो ते तीव्र आम्लात. रंग कोणता शोषला जातो यावरून द्रावणाचा सामू कळतो, रंग कोणता बाहेर पडतो यावरून तो कळत नाही. जुन्या ग्रंथांतून सामू दाखवणाऱ्या प्रतिदीप्त रंगांच्या लांबलचक याद्या आढळतात. त्या वाचताना शोषणाचा आकडा कोणता आणि उजेडाचा कोणता, हे पाहूनच त्यांवर विसंबावे.

आम्लाची दिव्याच्या बटणासारखी योजना करण्याची कल्पना अलीकडची. उजेड देणाऱ्या रेणूला अमाईनचा गट जोडला, तर त्या गटातला इलेक्ट्रॉन उत्तेजित रेणूकडे उडी घेतो आणि उजेड फुटण्यापूर्वीच विझतो. अमाईनला प्रोटॉन चिकटला, की ही उडी थांबते आणि दिवा लागतो. मूळचे श्रीलंकेचे ए. प्रसन्न डी सिल्व्हा यांनी बेलफास्टमध्ये या तत्त्वावर अनेक रेणू घडवले. १९९३ मध्ये त्यांनी सादर केलेला रेणू प्रोटॉन आणि सोडियम हे दोन्ही हजर असतील तरच उजळतो. संगणकातल्या 'अँड' द्वारासारखे त्याचे काम चालते.

पेशीत अशा बटणांना भरपूर वाव आहे. पेशीद्रवाचा सामू सुमारे ७.२ असतो, पण पेशीतल्या टाकाऊ मालाची विल्हेवाट लावणाऱ्या लायसोसोम नावाच्या पुटिकांत तो ४.५ ते ५ पर्यंत उतरलेला असतो. २००९ मध्ये जपानचे यासुतेरू उरानो आणि अमेरिकेतले हिसाताका कोबायाशी यांच्या गटाने अमाईनयुक्त रंगरेणू एका कर्करोगविरोधी प्रतिपिंडाला जोडून उंदरांवर प्रयोग केले. प्रतिपिंड कर्कपेशीला चिकटते, पेशी त्याला गिळून लायसोसोममध्ये नेते, तिथले आम्ल रंगाला प्रोटॉन देते आणि पेशी उजळते. बाहेर रक्तात भटकणारा रंग अंधाराच राहतो, म्हणून पार्श्वभूमी काळीभोर दिसते. शिवाय लायसोसोममधला आंबटपणा टिकवायला पेशीला सतत ऊर्जा खर्चावी लागते. पेशी मेली की आंबटपणा ओसरतो आणि दिवा विझतो. त्यामुळे उजेड दिसला तर ती गाठ नुसती कर्करोगाचीच नव्हे, तर अद्याप जिवंत आहे, हेही त्यातून कळते. उपचाराने पेशी मरत आहेत की नाहीत, हे त्या उंदरांमध्ये अशा रीतीने पाहता आले.